टाचणी खाली ठेवा: नेटच्या त्या फॉरवर्डबद्दल

मृग लागला की खानापूरपासून निपाणीपर्यंत गल्लीगल्लीच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड फिरतो: "नेट स्लो? केबलवाल्याची वाट बघू नका. राउटरच्या मागच्या भोकात टाचणी घालून १० सेकंद दाबा. डीएनएस ८.८.८.८ करा, स्पीड डबल! अँटेनामागं फॉइल लावा. पावसात फायबर भिजते, ऊन पडेपर्यंत इलाज नाही. स्पीडटेस्टवर बेंगळूरु दिसलं तर समजा, सीमाभागाला मुद्दाम कमी स्पीड देतात."

टाचणीपासून सुरुवात करू, नुकसान तिथंच जास्त होतं. ते भोक रीस्टार्टचं नव्हे, रीसेटचं. बऱ्याच बॉक्सांत (म्हणजे राउटरांत) कंपनीनं भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (कंपनीच्या जाळ्याशी जोडणारा आकडा) त्यानं पुसले जातात. मग हळू चालणारी लाइन पूर्ण बंद पडते आणि ज्याची वाट बघायची नव्हती त्यालाच बोलवावं लागतं. राउटर अडकलाच असेल तर स्विच बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करून तीन मिनिटं हात लावू नका.

त्याच्याही आधी दिवे बघा. 'पॉन' (लाइन जोडल्याचा दिवा) हिरवा आणि स्थिर, 'लॉस' (सिग्नल तुटल्याचा दिवा) बंद, म्हणजे बाहेरून फायबरमधला प्रकाश नीट येतोय. 'लॉस' लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही, शंभर वेळा रीस्टार्ट करून उपयोग नाही. अशा वेळी भिंतीवरच्या डबीतून बॉक्समध्ये येणारी बारीक पॅचकॉर्ड बघा. ती कपाटामागं चेंगरलेली किंवा खिळ्याला घट्ट गुंडाळलेली सापडते. आत काच आहे. वळण चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान नको. हिरवं टोक काढून फुंकू नका, बोट लावू नका आणि त्यात डोकावू तर मुळीच नका, तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही.

बॉक्सचं सेटिंग पान उघडत असेल तर 'आरएक्स पॉवर' (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघा. साधारण वजा १५ ते वजा २५ ठीक. वजा २७ च्या खाली गेला की लाइन तुटत राहते. हे आकडे डेसिबलच्या (डीबी) मापात असतात आणि दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणून हे दोन-तीन आकडे किरकोळ नव्हेत. लाइनमनला "नेट येईना" म्हणण्यापेक्षा "लॉस लाल, आरएक्स वजा २९" सांगा. मराठीत सांगा की कन्नडमध्ये, त्याला लगेच कळतं.

आता पाऊस. काचेतल्या प्रकाशाला पाण्याचं वावडं नाही. ही समजूत तांब्याच्या जुन्या टेलिफोन लाइनींमुळं रुजली. त्या भिजल्या की खरंच खरखरत. फायबरला नडतं ते वायरवर पडलेली फांदी, जॉइंटच्या डब्यात शिरलेलं पाणी आणि वीज. हेस्कॉमची लाइट गेली तरी तुमचा इन्व्हर्टर चालतो, पण ऑपरेटरच्या यंत्राची बॅटरी संपली की तुमच्याकडंही 'पॉन' विझतो. उलट चिकोडी-अथणीकडं उसाचा हंगाम लागला की उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरची वायर ओढून नेतात. तेव्हा ऊन चांगलं कडकडीत असतं!

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी वही. व्हॉट्सॲप चालतंय पण साइट उघडत नाहीत, तेव्हा ती बदलून बघावी. लाइनचा स्पीड त्यानं वाढत नाही.

फॉइलनं सिग्नल एका बाजूला वळतो आणि दुसरी बाजू उपाशी राहते. खरी अडचण भिंतीची आहे. राउटर सोप्यात, पोरं अभ्यासाला माजघरात, मध्ये दीड-दोन फुटांची दगडी भिंत. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय ती ओलांडताना दम तोडतो, २.४ कसाबसा पोचतो. कॅट-६ लॅन वायर टाकून आत ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा दुसरा बॉक्स) बसवणं हाच कायमचा उपाय. वायरच्या टोकांना तिच्यातल्या आठही तारा क्रिंप करून (पिनेत दाबून बसवून) घ्या. चारच जोडल्या तर २०० एमबीपीएसच्या प्लॅनवरही स्पीड ९५ च्या पुढं जात नाही, आणि घरात भांडण मात्र केबलवाल्याशी.

राहिलं बेंगळूरु, म्हणजे स्पीडटेस्ट ज्या सर्व्हरपर्यंत मोजते त्याचं गाव. सीमाभागाच्या तक्रारी पुष्कळ खऱ्या आहेत, ही त्यातली नव्हे. बेळगावहून बेंगळूरु सुमारे ५०० किलोमीटर. प्रकाश काचेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं आणखी थोडे घालतील, पण व्हिडिओ अडकायला तेवढं पुरत नाही.

संशय असेलच तर लॅपटॉप लॅन वायरनं थेट बॉक्सला जोडा, बाकीच्यांचा वायफाय बंद ठेवा आणि सकाळी ६ ला व रात्री ९ ला मोजा. एमबीपीएसला ८ नं भागलं की डाउनलोडचा एमबीचा आकडा येतो: १०० चे साडेबारा. वायरवर पूर्ण मिळतंय तर दोष घरातल्या वायफायचा. सकाळी पूर्ण आणि रात्री निम्मं असेल तर ऑपरेटरकडं गर्दी आहे. तीन दिवसांचे आकडे वेळेसकट लिहून तक्रारीला जोडा.