तीनशे मीटर जास्तीचे

बंड्या कट्ट्यावर आला तोच मनगट पुढे करून. "हे बघा, घड्याळात 21.4 किलोमीटर! हाफ मॅरेथॉन असते 21.1 ची. अंतर जास्त पळवलं लेकांनी. माझ्या हिशेबाने हाफ मॅरेथॉन 1 तास 58 मिनिटं 57 सेकंदांत झालीय."

सर्टिफिकेटवर 2:00:40 आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानेच ते ग्रुपवर टाकलं होतं आणि पाच मिनिटांत काढूनही टाकलं होतं.

"मार्ग मोजणारे रस्त्याच्या मधून डुलत जात नाहीत," नलू म्हणाली. "सायकलवरून मोजतात, सगळ्यात जवळच्या वाटेने, वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर सोडून. वर अंतर कमी भरू नये म्हणून हजाराला एक मीटर जास्तीचा धरतात. म्हणजे 21 मीटर त्यांनी पळवले. उरलेल्यात थोडी घड्याळाची थाप आणि बाकी तुझी हौस. प्रत्येक वळण बाहेरून घेतलंस, मी मागूनच होते."

"मागून?" बंड्याचा चेहरा खुलला.

"अठराव्या किलोमीटरपर्यंत."

आप्पांनी संधी साधून गुडघ्यांचा विषय काढला. ते भाषण आम्हाला पाठ आहे, म्हणून इथे देत नाही. नलू एवढंच म्हणाली, "आप्पा, तुमचे गुडघे तर न पळताच गेले."

मग डॉक्टर बोलले. शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता तिशीनंतर उतरणीला लागते; नियमित पळणाऱ्याची हळू उतरते, पण उतरते. तेव्हा सत्तेचाळिशीत पीबीच्या, म्हणजे स्वतःच्याच सर्वोत्तम वेळेच्या, मागे लागणं म्हणजे उतरत्या सरकत्या जिन्यावरून वर चढणं.

बंड्या याच वाक्याची वाट बघत होता. "कार्लोस लोपिश! 1985, रॉटरडॅम, 2:07:12. मॅरेथॉनचा विश्वविक्रम, वय 38!"

"आणि सदतिसाव्या वर्षी ऑलिंपिकचं सुवर्ण," नलू म्हणाली. "तो आधीपासूनच लोपिश होता रे. तू चाळिशीपर्यंत बससाठीसुद्धा पळाला नाहीस. तुला शोभतो तो फौजा सिंग. एकोणनव्वदाव्या वर्षी पहिली मॅरेथॉन पळाला आणि सगळ्यात चांगली वेळ दिली ती ब्याण्णवाव्या वर्षी, 2003 मध्ये, टोरांटोला. 5 तास 40 मिनिटं."

"म्हणजे मला अजून पंचेचाळीस वर्षं आहेत म्हणतेस?"

"म्हणजे उशिरा सुरू केल्याचा फायदा घे म्हणते. कॉलेजात पळणाऱ्यांची खरी पंचाईत. त्यांच्या उरावर पंचविशीतली वेळ बसलेली असते. तुझ्या वाटेत पंचविशीतला बंड्या उभाच नाही. डॉक्टर म्हणतात तो जिना खरा आहे, पण तू अजून पहिल्या पायरीवर आहेस, वर चढायला भरपूर जागा आहे. मग पीबी घड्याळातून चोरतोस कशाला? सरळ पळून घे की."

यावर डॉक्टरसुद्धा गप्प बसले. ते गप्प बसतात याची नोंद व्हायला हवी.

"पळून घे म्हणजे? आठवड्यातून पाच दिवस जीव तोडून पळतो मी!"

"तेच तर चुकतं. पाचही दिवस जीव तोडायचा नसतो. बोलता येईल इतकं सावकाश पळायला तुला लाज वाटते, कारण ते ॲपवर दिसतं. शिवाय परवा पहिले पाच किलोमीटर किती वेळात काढलेस?"

"सव्वीस मिनिटं." हे त्याने अभिमानाने सांगितलं, हे विशेष.

"दोन तासांच्या आत यायला किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंद पुरतात. पाचाला साडेअठ्ठावीस धर. अडीच मिनिटं आधी पोचून तिथे कोणाला भेटायचं होतं तुला?"

तेवढ्यात बंड्याचं घड्याळ थरथरलं. बराच वेळ बसलात, उठा, हला, असा त्यावर हुकूम आला होता. हा प्राणी खरोखर उठला आणि कट्ट्याभोवती चकरा मारू लागला.

"वळण आतून घे!" आप्पा ओरडले.

शेवटी ठरलं की पुढच्या शर्यतीत वेग नलूने ठरवायचा आणि बंड्याने तिच्या मागे राहायचं. त्याने एकच अट घातली: शेवटच्या दोनशे मीटरला त्याला पुढे जाऊ द्यायचं.

"जा. फक्त हातात काही देणार नाही मी तुझ्या."

शाळेतली रिले निघाली, आणि मग काय विचारता. बॅटन बंड्याने पाडली की डॉक्टरांनी लवकर सोडली, यावर दोघे इतक्या वर्षांनीही असे भांडले, की आप्पांनी भांडणाची वेळ लावायला बंड्याचंच घड्याळ मागितलं.