पाणी चढलं तर निरोप कोण नेणार?

गणपती झाले, हिशोब लागला. मंडळाच्या खात्यात उरलेली रक्कम यंदा पूरपाण्यात कामी येईल अशा कशावर तरी लावायची, इथपर्यंत कुर्ल्याच्या नेहरूनगरातल्या आमच्या कट्ट्याचं एकमत होतं. पुढे ते टिकलं नाही. खजिनदार पक्याला रबरी बोट हवी. मन्याला दोन वायरलेस सेट हवेत आणि चार पोरांना हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परीक्षेला बसवायचंय. मोबाईल कंपनीत काम करणाऱ्या संदेशला दोन्ही पटत नव्हतं. वैशाली हॉस्पिटलमधली ड्युटी संपवून तशीच आली होती, ती आधी नुसती ऐकत होती. आणि एसटीतून रिटायर झालेले शिंदेकाका.

पक्याचं म्हणणं सरळ होतं. "माणूस छातीएवढ्या पाण्यात असताना तू त्याला रेडिओ दाखवणार? त्याला बाहेर काढायला काहीतरी लागतं की नाही?"

"बोट कुठे न्यायची ते तुला कोण सांगणार?" मन्याने विचारलं.

"फोन येतो की."

"२६ जुलैला आला होता?"

यावर कोणी बोललं नाही. २००५ साली इथे तळमजल्यांमध्ये पाणी शिरलं तेव्हा आम्ही सगळे कळत्या वयाचे होतो. लँडलाइन मेल्या, मोबाईल लागेनात, लोकल जागच्या जागी उभ्या. घरातलं माणूस ऑफिसात आहे, रुळावर आहे की रस्त्यात, हे दुसऱ्या दिवसापर्यंत कित्येक घरांना कळलं नव्हतं.

मन्या मग आकड्यांवर आला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. "एकाच शहरात! आता मंत्रालय कुठे? पालिकेचं मुख्यालय कुठे? पोलीस मुख्यालय? सगळं कुलाब्याच्या बाजूला. तिथल्या माणसाने खिडकीतून बघितलं तर त्याला रोजचा पावसाळी दिवस दिसणार. कलिना, कुर्ला, साकीनाका बुडतंय हे त्याला इथून कोणीतरी सांगायला हवं. तेच तुटलं होतं."

संदेशने त्याला अडवलं. "तू वीस वर्षांपूर्वीचं सांगतोयस. आता जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत. पालिकेचा १९१६ हा मदतीचा नंबर आहे. सरकारचा इशारा थेट मोबाईलवर वाजतो, २०२३ ला चाचणी झाली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम नाही का ओरडले?"

"तो वरून खाली आला. खालून वर काय जाणार?"

"फोन. टॉवरला बॅटरी असते, जनरेटर असतो."

"जनरेटर पाण्यात गेला तर? फायबर तुटली तर?"

इथे संदेशने प्रामाणिकपणे सांगितलं ते महत्त्वाचं. बॅटरी काही तासांची असते. पुढे डिझेल लागतं, आणि ते टॉवरपर्यंत नेणारी गाडीही त्याच बुडालेल्या रस्त्यावरून येणार. शिवाय टॉवर चालू राहिला तरी एकाच वेळी सगळा भाग फोन लावायला लागला की कोणाचाच नीट लागत नाही. "पण म्हणून हॅम?" तो म्हणाला. "सॅटेलाइट फोन घ्या ना." त्याचं उत्तर त्यालाच माहीत होतं. आपल्याकडे विनापरवाना सॅटेलाइट फोन बाळगणं हा गुन्हा आहे, आणि वॉर्डातल्या गणेश मंडळाला तो परवाना कोणी देणार नाही. हॅमचा परवाना मात्र बारा वर्षांवरच्या कोणालाही मिळू शकतो. दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची. खालच्या श्रेणीला मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची, अटही नाही, थोडं रेडिओशास्त्र आणि नियम. परीक्षेनंतर पडताळणीत वेळ जातो, एवढंच.

शिंदेकाका तेव्हा बोलले. "माळीण आठवतं का रे? २०१४ चा जुलै. आंबेगाव तालुक्यात डोंगर गावावर आला. दीडशेच्या आसपास माणसं गेली. बाहेर पहिल्यांदा कोणाला कळलं? आपल्या एसटीच्या ड्रायव्हरला. रोजच्या रस्त्याने बस घेऊन गेला, तर जिथे गाव दिसायचं तिथे गावच नाही. त्याने सांगितलं तेव्हा यंत्रणा हलली." थोडं थांबून म्हणाले, "ड्रायव्हरचं कौतुक आहेच. पण त्या दिवशी ती बस रद्द झाली असती तर?"

पक्या गप्प झाला, पण पटलं म्हणून नाही. त्याचा मुद्दा वेगळाच होता आणि तो आता बाहेर आला. "हे हॅमवाले छंदवाले लोक. गच्चीवर तारा लावतात, जपानच्या माणसाशी बोलतात, बोलणं झाल्याची कार्डं गोळा करतात. आपत्तीत त्यांचा काय संबंध?"

मन्या चिडला नाही. त्याने अंदमानची गोष्ट सांगितली. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद हैदराबादच्या हॅम संस्थेचं पथक घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, ते छंदासाठीच. अंदमानातून हॅमला परवानगी वर्षानुवर्षं मिळालेली नव्हती, त्यामुळे त्यांचा आवाज पकडायला जगभरचे हॅम टपून बसले होते. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हलली, मग त्सुनामी आली. बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. तीच सामग्री, तीच माणसं लगेच बातम्या आणि निरोप पाठवायला लागली. कोण सुखरूप आहे, कोणाचा पत्ता लागत नाही, कुठे काय हवंय. नंतर कार निकोबारलाही स्टेशन लागलं. "पक्या, रोज छंद म्हणून बोलतात म्हणूनच त्यांना त्या दिवशी बोलता आलं. जपानला बोलायची सवय हीच तालीम."

तांत्रिक भागही त्याने समजावला, आणि मला तो फार आवडला. हातातला पाच वॅटचा सेट मुंबईत इमारतींच्या गर्दीत थेट काही किलोमीटरच जातो. मध्ये उंचावर रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा जोरात पाठवणारं यंत्र, असेल तर बराचसा शहरभर पोचतो. पण रिपीटरही विजेवर चालतो, म्हणून तो नसताना काय करायचं हेही यायला हवं. चिपळूण-महाडसारख्या ठिकाणी, जिथे चहूबाजूंनी डोंगर, तिथे चाळीस मीटरचा बँड, म्हणजे साधारण तेवढ्या लांबीच्या लहरी. वीसेक मीटर लांबीची साधी तार दोन झाडांना फारशी उंच न बांधता ताणायची, गाडीची बारा व्होल्टची बॅटरी जोडायची. लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत खाली येतात, आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरवर. डोंगर आडवा येतच नाही. आणि फोनवर एकाचं बोलणं एकालाच कळतं, इथे एक बोलतो ते वीस स्टेशनं एकदम ऐकतात. महाडने सांगितलेलं पुण्याला आणि मुंबईला वेगवेगळं सांगावं लागत नाही.

आता वैशाली बोलली, आणि चर्चेचा रोखच बदलला.

"वीस जण ऐकतात हे चांगलं की वाईट ते काय बोललं जातं त्यावर आहे," ती म्हणाली. "२८ जुलै विसरलात? पाऊस थांबल्यावर अफवा उठली, धरण फुटलं, त्सुनामी आली. तेही नेहरूनगरातच, आपल्या नाही, जुहूकडच्या. लोक पळत सुटले आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली. पुरात वाचलेली माणसं! निरोप पोचला होता, पण खोटा. मला रेडिओ असलेला माणूस नकोय. मला असा माणूस हवाय जो म्हणेल, मी हे स्वतः बघितलंय, अमुक वाजता बघितलंय, बाकीचं मला माहीत नाही."

मग पक्यानेच, कोणी न विचारता, २०२१ चं सांगितलं. वाशिष्ठीचा पूर ओसरल्यावर तो टेम्पो घेऊन चिपळूणकडे गेला होता. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, चादरी. व्हॉट्सअॅपवर ज्या गावाचं नाव फिरत होतं तिथे पोचला तर त्याच्या आधी गाड्यांची रांग. हायवेलगत सामानाचे ढीग, आत एका वाडीत प्यायला पाणी नाही, आणि त्या वाडीचं नाव कुठल्याच मेसेजमध्ये नव्हतं. गरज भागली तरी मेसेज फिरतच राहतो, कारण त्यावर ना तारीख असते ना पाठवणाऱ्याचं नाव. त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजले, तेही यातूनच. लोकांच्या मनात खोट नव्हती. काय नको, हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं.

माझं मत या ठिकाणी पक्कं झालं आणि मी ते तिथेच सांगितलं. मदतीची पहिली वस्तू खरा निरोप आहे. अन्न, बोट, औषध, डॉक्टर हे सगळं त्याच्या मागून निघतं, आणि तो चुकला तर सगळं चुकीच्या दारात जाऊन उभं राहतं. हे काम स्वयंसेवकच करू शकतो, कारण एनडीआरएफ या राष्ट्रीय आपत्ती दलाच्या माणसांना गल्लीपर्यंत यायला वेळ लागणार; पाणी चढतं त्या तासाला गल्लीत फक्त गल्लीतली माणसं असतात. पण ते काम शिकावं लागतं. नुसती तळमळ असलेला माणूस चॅनेलवर सतत बोलत राहतो आणि ज्याला खरंच सांगायचंय त्याचा आवाज दाबून टाकतो.

मन्याने मग नेटची, म्हणजे एकाच चॅनेलवर जमलेल्या स्टेशनांची, शिस्त सांगितली. एक जण नियंत्रक. तो नाव घेईल त्यानेच बोलायचं. जीव धोक्यात असलेला निरोप सगळ्यात आधी, मग सामानाचा, "आई सुखरूप आहे" हा नंतर, पण तोही जायलाच हवा. निरोप आधी कागदावर लिहायचा: ठिकाण, वेळ, किती माणसं, काय हवंय, कोणी बघितलं. घेणाऱ्याने शब्द न शब्द वाचून दाखवायचा. आपल्या मनाचा एक शब्द घालायचा नाही.

"हे तर रेडिओशिवायही करता येईल," पक्या म्हणाला.

"मग तेच आधी कर," वैशाली म्हणाली. "दहा इमारती, दहा पोरं, फोन बंद. चिठ्ठ्या लिहून पाठवा आणि शेवटच्या इमारतीत काय पोचतं ते बघा."

संदेशला हे एकदम आवडलं. त्याने शेवटचा अडथळाही दाखवला, आणि तो खरा होता. आपल्या पोरांनी अचूक निरोप तयार केला तरी तो घेणार कोण? वॉर्डातल्या आपत्ती कक्षात त्या वेळी सेटसमोर बसलेला माणूस नसेल तर आपण हवेतच बोलणार. यावर मन्याकडे उत्तर नव्हतं. मुंबईत हॅमची संघटना आहे, तिच्यामार्फत विचारता येईल, एवढंच तो म्हणाला.

ठरलं ते असं. बोट आत्ता नाही. पक्याने हे मान्य केलं, पण पुढच्या वर्षी पुन्हा मागणार असं बजावून. चिठ्ठ्यांचा सराव दिवाळीच्या सुट्टीत, वैशालीच्या देखरेखीखाली. परीक्षेची फी मंडळ भरेल. चार पोरं शोधायचं काम शिंदेकाकांकडे, आणि त्यात दोन मुली हव्यात हे वैशालीने वदवून घेतलं. सेट मात्र वॉर्ड ऑफिसात जाऊन "आमचा निरोप कोण घेणार" याचं लेखी उत्तर मिळाल्यावरच. अर्ज संदेश लिहितोय.