लुकलुकणारा लाल दिवा: भुसावळच्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण तुम्ही तपशील भरपूर दिलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्यांसाठी तक्रार थोडक्यात अशी. 'डॅशबोर्डवरचा गाडी-चावीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकला तर घाबरू नका' हे माझ्या आधीच्या लेखातलं वाक्य वाचून भाऊ निर्धास्त राहिले. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अमळनेरला सासुरवाडीला गेले, गाडी काही दिवस अंगणात उन्हात उभी राहिली. निघायच्या सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टकटक, आणि दिवा लुकलुकतोय. रिमोटचा सेल बदलला, फरक नाही. शेवटी एका मेकॅनिकने दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर (जोडवायरी) लावला, घरच्या दुसऱ्या चावीतली चिप काढून स्टिअरिंगखालच्या कव्हरात चिकटवली आणि गाडी चालू करून दिली. आता ती अधूनमधून पहिल्या खेपेला उचलत नाही. वर शेरा: 'तुम्ही शोरूमचे दलाल, भीती घालून चाव्या विकता.'

वाक्याचा पुढचा अर्धा भाग तुम्ही सोडलात. 'गाडी बंद करून, लॉक करून उभी असताना' असं तिथे लिहिलंय. उभ्या गाडीत तो दिवा संथपणे लुकलुकतो तेव्हा इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा, जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. चावी फिरवल्यावरही तो लुकलुकत राहिला किंवा विझलाच नाही, तर गाडीने चावी ओळखलेली नाही.

आता ओळखली का नाही? चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक चिप असते. तिला सेल लागत नाही. चावी लावायच्या जागेभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी फिरवली की त्यातून चिपला पुरेशी वीज मिळते, ती आपला सांकेतिक नंबर सांगते, आणि जुळला तरच इंजिन चालू राहू दिलं जातं. तुम्ही बदललेला सेल फक्त दार उघडण्या-लावण्याच्या बटणांसाठी होता. बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांचा प्रकार वेगळा. तिथे सेल संपला तर गाडी 'चावी सापडत नाही' म्हणते. पण रिमोट त्या बटणाला टेकवून धरला की बहुतेक गाड्या चालू होतात, कारण आत तीच बिनसेलची चिप असते.

पण तुमच्या सगळ्या मजकुरात मला महत्त्वाचा वाटला तो 'टकटक' हा शब्द. इमोबिलायझरने अडवलं तर बहुतेक गाड्यांत इंजिन फिरतं पण पेटत नाही, किंवा पेटून लगेच बंद पडतं. टकटक म्हणजे बॅटरीत स्टार्टर फिरवण्याइतका दम नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं खाली येतं की इमोबिलायझरचं डोकंही गोंधळतं, आणि दिवा पेटतो. गाडी चालू झाली ती जंपरने, भाऊ. चिप चिकटवण्याचं काम वरचा खर्च होता.

आणि बॅटरी का बसली हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास, त्यात बोनेटखालची भट्टी. बॅटरीतलं पाणी कमी होतं, आतल्या प्लेटा लवकर गंजतात. टर्मिनलवर पांढरा-हिरवट खार साचलाय का बघा. असेल तर तिथूनही करंट पोचत नाही. बॅटरीच्या दुकानात लोड टाकून तपासून घ्या. पूर्ण चार्ज बॅटरी, गाडी थोडा वेळ बंद ठेवल्यावर, १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती रिकामी होत आलीय. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दिसलं नाही, तर अल्टरनेटरही, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र, दाखवा.

पहिल्या खेपेला न उचलण्याचं कारण बहुधा त्या मेकॅनिकचीच करामत. वेटोळ्याजवळ आता दोन चिपा आहेत, एक कव्हरातली आणि एक तुमच्या हातातल्या चावीतली. दोघी एकदम बोलल्या की गाडीला एकीचंही नीट ऐकू येत नाही. दोन्ही चाव्या एकाच कडीत अडकवणाऱ्यांनाही कधीकधी हाच त्रास होतो.

त्याहून वाईट म्हणजे नुसता धातूचा दात कापलेली कुठलीही चावी आता तुमची गाडी चालू करू शकते. अमेरिकेत काही किया आणि ह्युंदाई मॉडेल्समध्ये इमोबिलायझर दिलाच नव्हता. २०२१-२२ च्या सुमारास पोरांनी यूएसबीच्या वायरीचं टोक वापरून त्या पळवायचा सपाटा लावला, आणि टिकटॉकवर त्याचे व्हिडिओ फिरले. तुमची गाडी उद्या गेली, तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागेल. त्यातली एक पोकळ का, याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. जावईबापूंची अंगणातली फजिती त्यापुढे काहीच नाही!

राहिली दलाली. शोरूमचा चावीचा भाव महाग असतो, हे मीही म्हणतो. म्हणून तर शोरूमच्या आधी बाजारात विचारा. चिपवाली चावी बनवणारे कारागीर बरेच ठिकाणी आहेत, आणि एक चालू चावी हातात असेल तर पुष्कळ मॉडेल्सची दुसरी चावी ते बनवून देतात. सगळ्या चाव्या हरवल्यावर मात्र तेच काम कितीतरी महाग पडतं. पण तुम्हाला सध्या नवी चावी लागतच नाही. कव्हर उघडा, चिप काढा, दुसऱ्या चावीत परत बसवा, त्या चावीने गाडी चालू होतेय हे बघून घ्या, आणि ती चावी गाडीत न ठेवता घरच्या कपाटात ठेवा. चिप काचेच्या बारीक नळीची असेल तर जपून, ती पकडीने धरली की फुटते.