जिंगल तुम्हाला पाठ झाली, गिऱ्हाईकाला नाही

पुन्हा तोच फोन! रेडिओवर जाहिरातीचा स्पॉट सुरू होऊन पंधरवडा होत नाही तोच दुकानाच्या मालकांना जिंगलचा कंटाळा आला. ‘लोक वैतागलेत हो, काहीतरी नवीन करा.’ कोण लोक? मालक, मिसेस, अकाउंटंट आणि इंजिनिअरिंगला असलेला भाचा. या मंडळींनी आधी रफ ऐकली, मग गायिकेचा आवाज, मग मिक्स, मग व्हॉट्सॲपवर अख्ख्या खानदानाला पाठवून त्यांच्याबरोबर पुन्हा ऐकली. स्पॉट हवेत जायच्या आधीच त्यांना ती पाठ. गिऱ्हाईक ती ऐकतं पोळ्या लाटताना, नाहीतर सिग्नलला थांबल्यावर, तीही अर्धी. दुकानाचं नाव त्याच्या कानात जेमतेम शिरतंय आणि तुम्ही चाल बदलायला निघालात!

वर मीडिया प्लॅनमधला, म्हणजे एकेकाने जाहिरात किती वेळा ऐकली त्याचा आकडा तोंडावर मारतात. ‘फ्रीक्वेन्सी चार आली की!’ अहो, ती सरासरी आहे. दिवसभर रेडिओ लावणाऱ्या टपरीवाल्याने बारा वेळा ऐकली आणि ज्याला खरेदी करायची त्याने एकदाच ऐकली, तरी सरासरी चांगलीच दिसते.

हे सगळं केव्हाच मोजून झालंय. झिल्स्के या जाहिरात-संशोधकाचा प्रयोग 1959 मध्ये छापून आला. एका गटातल्या गृहिणींना 13 जाहिराती दर आठवड्याला एक अशा पाठवल्या, दुसऱ्या गटाला दर चार आठवड्यांनी एक. पहिल्या गटात शेवटी 63 टक्क्यांना जाहिरात आठवत होती, पण पाठवणं थांबल्यावर महिनाभरात हा आकडा निम्म्यावर आला. दुसऱ्या गटात वर्षअखेरीला 48 टक्के. म्हणजे थांबलात की विसरले. आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्सने 1968 मध्ये दाखवलं की निरर्थक शब्दसुद्धा पुन्हापुन्हा समोर आले की माणसाला आवडू लागतात. ओळख झाली की भरवसा वाटतो. साबणाच्या रॅकसमोर उभं राहून कुणी तुलनात्मक अभ्यास करत नाही, ओळखीचं नाव उचलतात.

‘उठा उठा, दिवाळी आली, मोती स्नानाची वेळ झाली.’ वर्षानुवर्षं तीच फिल्म, तेच दार ठोठावणं, तेही फक्त दिवाळीच्या तोंडावर. त्यातले आजोबा, विद्याधर करमरकर, 2021 मध्ये गेले तेव्हा घराघरांत हळहळले ते ‘अलार्म काकां’साठी. हे एका साध्या ओळीने केलं, दरवर्षी नवी कल्पना काढून नव्हे. निर्माचंही तसंच. चाल तीच, फ्रॉकातली मुलगी तीच आणि नाव चालीतच गुंफलेलं. चाल आठवली की नाव येणारच. तुम्हाला हवी असते शेवटच्या दोन सेकंदांत नाव येणारी ट्विस्टवाली गोष्ट. ट्विस्ट एकदा कळला की दुसऱ्यांदा बघण्यासारखं काय उरतं? अशी जाहिरात लवकर शिळी होते, साधी टिकते.

बदलायचंच असेल तर आतला माल बदला: ऑफर, सण, किंमत. शेवटचे चार सेकंद, चाल, रंग आणि नाव म्हणायची पद्धत यांना हात लावायचा नाही. तीस सेकंदांची वीसची करा, दहाची करा. टीव्हीचा दर दहा सेकंदांवरच असतो, त्याच पैशात जास्त वेळा दिसाल. पण कापताना नावच कापणारे महाभाग आहेत!

आणि ते फोन नंबर! वीस सेकंदांत धड बोलायचं तर चाळीस-पंचेचाळीस शब्द बसतात. त्यात दोन मोबाइल, एक लँडलाइन, तीन शाखांचे पत्ते, ‘अटी लागू’. निवेदक धापा टाकतो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात शून्य. एक नाव, एक वचन, एक खूण. बास.

हिंदी जिंगलचं मराठी करणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. चाल हिंदीची, त्यात मराठी शब्द कोंबलेले, मात्रा कुठेच बसत नाहीत. गुणगुणता येत नाही ती ओळ हजार वेळा वाजवूनही कुणाच्या तोंडी बसणार नाही. मराठीत मुळातून लिहून घ्यायला कितीसे पैसे लागतात?

लोक खरंच वैतागतात ते एकाच ब्रेकमध्ये तोच स्पॉट दोनदा लागला की. तो गुन्हा जिंगलचा नाही. उरलेल्या जागेत बोनस म्हणून फुकटचे स्पॉट कोंबणाऱ्या चॅनेलवाल्यांचा आहे. चॅनेलला जाहिरात लावायला देता त्या रिलीज ऑर्डरवर स्पष्ट लिहा: एका ब्रेकमध्ये एकच स्पॉट, दोन स्पॉटमध्ये किमान अर्धा तास, त्या ब्रेकमध्ये प्रतिस्पर्धी नको. मग स्पॉट केव्हा केव्हा लागले ते सांगणाऱ्या टेलिकास्ट सर्टिफिकेटवरच्या वेळा एकेक करून तपासा. दोन स्पॉट चिकटलेले दिसले की तेवढे पैसे बिलातून कापा. भांडायचं तर तिथे भांडा.