फायबरच्या नावेला लोखंडाचा हिशेब लागू होत नाही

हतनूरच्या जलाशयात आणि नवापूर तालुक्यात शिरलेल्या उकाई धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करणाऱ्यांमध्ये एक संदेश फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की फायबर लोखंडाच्या दहापट मजबूत असल्याने लोखंडी नावेच्या निम्म्या जाडीत फायबरची नाव होते, हिशेबाला लोखंडाचीच सूत्रे चालतात, शंका वाटल्यास मॅटचा (काचतंतूंच्या चटईचा) एक थर वाढवावा, आणि धरणाच्या गोड्या पाण्यात तिला काही होत नाही. या संदेशावर विसंबून नाव बांधली गेली तर जीव धोक्यात येतील, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासणे आवश्यक वाटते.

‘दहापट’ हा आकडा काचेच्या सुट्या तंतूचा आहे. असा तंतू सुमारे ३,४०० मेगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) ताण सोसतो, तर साधे पोलाद २५० मेगापास्कलला कायमचे ताणू लागते. परंतु नाव सुट्या तंतूंची नसते. वजनाने ३० टक्के काच असलेले मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारे द्रव प्लास्टिक) यांचे लॅमिनेट, म्हणजे थरांचा पत्रा, ८० ते १०० मेगापास्कलच्या आसपासच तुटते.

त्याहून घातक विधान निम्म्या जाडीचे आहे, कारण त्यात ताकद आणि ताठरपणा यांची गल्लत झाली आहे. पोलादाचा लवचीकता गुणांक (पदार्थाच्या ताठरपणाचे माप) सुमारे २१० गिगापास्कल, तर मॅटच्या लॅमिनेटचा सुमारे ७, म्हणजे तीस पटींचा फरक आहे. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. त्यामुळे ४ मिलिमीटर पोलादाइतका ताठरपणा हवा असेल तर सुमारे १२.४ मिलिमीटर लॅमिनेट लागते. २ मिलिमीटर घेतल्यास ताठरपणा मूळच्या २४०व्या भागाइतका उरतो. १२.४ मिलिमीटर जाडी घेऊनही चौरस मीटरला वजन ३१ किलोवरून सुमारे १८ किलोवर येते, आणि फायबरचा खरा लाभ हाच आहे. प्रत्यक्षात थोडे अधिक वाकणे मान्य करून आणि आतल्या फासळ्या जवळ घेऊन जाडी कमी करता येते, पण किती कमी करायची ते हिशेबानेच ठरते.

लोखंडाच्या सूत्रात संपूर्ण छेद एकाच पदार्थाचा धरलेला असतो. लॅमिनेटमध्ये मॅट आणि रोविंग (काचतंतूंचे विणलेले जाड कापड) एकत्र असतात. त्यांच्या सीमेवर दोन्ही थर सारखेच ताणले जातात, परंतु रोविंगचा गुणांक जवळजवळ दुप्पट असल्याने त्यातील ताणही तितकाच अधिक असतो. म्हणून प्रत्येक थराचा गुणांक आणि त्याचे स्थान धरून उदासीन अक्ष (वाकताना जिथे ताण शून्य असतो ती रेषा) काढावा लागतो, मग प्रत्येक थरातील ताण त्याच्या स्वतःच्या मर्यादेशी ताडून पाहावा लागतो. शिवाय पोलाद तुटण्याआधी वाकून इशारा देते, लॅमिनेट तसा देत नाही; त्यामुळे लहान नौकांच्या आयएसओ १२२१५-५ या मानकात लॅमिनेटला अंतिम ताकदीच्या निम्माच ताण मोजणीत धरतात. फासळी जिथे तळाला जोडली जाते तिथे थर एकमेकांपासून सुटण्याचीही स्वतंत्र तपासणी लागते, आणि लोखंडाच्या सूत्रात तिला जागाच नाही.

थर वाढवल्याने फासळ्यांमधले जास्तीचे अंतर भरून निघत नाही. जाडी मोजूनही खात्री होत नाही: ४५० ग्रॅमच्या मॅटचा थर ३० टक्के काचेला सुमारे १ मिलिमीटर होतो, पण रेझिन जास्त पडून काच २५ टक्क्यांवर आली तर तोच थर १.३ मिलिमीटर भरतो. काच मात्र तेवढीच राहते.

गोड्या पाण्याविषयीचे विधान तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. जेलकोटमधून (रेझिनच्या सर्वांत बाहेरच्या थरातून) आत झिरपलेले पाणी लॅमिनेटमधील विरघळणारे अवशेष सोबत घेते. बाहेरचे पाणी जितके कमी क्षारांचे, तितका आत ओढले जाण्याचा दाब मोठा, त्यामुळे फोड समुद्रापेक्षा धरणात लवकर येतात आणि पाणी कोमट असल्यास आणखी लवकर. भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि गडद रंगाचा पृष्ठभाग त्याहून बराच तापतो, तर साध्या ऑर्थो पॉलिएस्टर रेझिनची मऊ पडण्याची मर्यादा साधारण ६० ते ७० अंशच असते. म्हणून पाण्याखालच्या भागात जेलकोटच्या लगत आयसोफ्थॅलिक किंवा व्हिनिलएस्टर ही पाण्याला अधिक टिकणारी रेझिन आणि पावडर बाइंडरची (तंतू पावडरीने चिकटवलेली) मॅट वापरावी, आणि रंग फिका ठेवावा. नाव घेणाऱ्या संस्थेने थरांची क्रमवार यादी व रेझिनची जात कारागिराकडून लेखी घ्यावी, आणि फिटिंगसाठी कापलेला तुकडा जपून ठेवावा; तो प्रयोगशाळेत भट्टीत जाळल्यावर मागे उरलेली काच तोलली की तिचे प्रमाण कळते.