पाऊस तर दोन्ही काचांवर सारखाच पडला ना!

युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या रंगीत काचा का सडल्या, यावर मी पोस्ट लिहिली होती आणि दोष काचेत घातलेल्या राखेचा, असं म्हटलं होतं. त्यावरची तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की चर्चच्या ज्या काचा शेकडो वर्षं धडधाकट होत्या त्या कोळशाच्या धुराने खाल्ल्या आणि मी मात्र बिचाऱ्या कारागिरांच्या रेसिपीला दोष देतोय. आधी माझी चूक कबूल करतो. काचेवरच्या पांढऱ्या थराला मी पोस्टमध्ये सरळ 'राखेतलं मीठ' म्हटलं होतं, ते चुकलंच. तो मुख्यतः जिप्सम आणि सिंजेनाइट या सल्फेट खनिजांचा असतो, म्हणजे काचेतून निघालेलं कॅल्शियम-पोटॅशियम आणि हवेतला सल्फर मिळून झालेला, आणि त्यातला बराचसा सल्फर धुरातलाच. इथपर्यंत तुम्ही बरोबर.

पण मग इंग्लंडमधल्या यॉर्क मिन्स्टर या मोठ्या चर्चचं काय करायचं? तिथल्या बाराव्या शतकातल्या काही निळ्या काचा अजून चकचकीत आहेत आणि त्याच काळातल्या इतर रंगांच्या काचा खड्डे पडून पार गेल्यात. गाव तेच, पाऊस तोच, धूर तोच. एक्सआरएफने (क्ष-किरणांनी काचेतली मूलद्रव्यं ओळखायची पद्धत) तपासल्यावर कळलं की वाळू वितळवायला निळ्या काचेत सोडा घातला होता आणि बाकीच्यांत लाकडाची राख. फ्रान्समध्ये शार्त्रच्या चर्चमध्येही हीच गोष्ट. आता सांगा, धुराने निळा रंग बघून सूट दिली का?

रोमन लोक इजिप्तचा नेट्रॉन म्हणजे खनिज सोडा वापरायचे, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास तो मिळेनासा झाला तेव्हा उत्तर युरोपने जंगलातली राख घेतली. बाराव्या शतकातला थिओफिलस नावाचा साधू तर चक्क लिहून ठेवतो, बीच झाडाची राख दोन भाग आणि वाळू एक भाग. एवढी राख म्हणजे पोटॅश (पोटॅशियमचा क्षार) आणि चुना भरपूर, सिलिका (वाळूतला मुख्य घटक) जेमतेम 50 टक्क्यांच्या आसपास, रोमन काचेत ती 70 च्या जवळ असायची. सिलिकाची जाळी अशी विरळ झाली की पाण्यातला हायड्रोजन आत शिरतो आणि पोटॅशियम बाहेर पडतं, यात धुराचा काही संबंध नाही, नुसतं पाणी पुरतं. राख कालवलेलं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं ना, तसंच काचेवरचं पाणीही अल्कली होत जातं, आणि पीएच 9 च्या वर गेला की खुद्द सिलिकाच विरघळायला लागते. म्हणून धो धो पावसापेक्षा काचेवर साचून राहिलेलं दव जास्त वाईट, पाऊस निदान धुऊन तरी नेतो.

आणि जमिनीत पुरलेल्या काचा बघा की, तिथे कुठला आलाय कोळशाचा धूर? तरी राखेची काच तपकिरी होऊन पापुद्रे सुटलेली निघते, रोमन बाटलीवर मात्र बहुतेक वेळा नुसती इंद्रधनुषी झाक. धुराने वेग वाढवला हे मान्यच, पण कुठली काच सडणार हे भट्टीतच ठरलं होतं. (कारागिरांना दोष कुठे दिला मी? हाताशी होतं त्यातून त्यांनी काय रंग काढलेत!)

तुमचा शेवटचा मुद्दा, 'काच तशीही ओघळतेच, जुन्या खिडक्या खाली जाड असतात'. अहो, 2017 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या काचेची रचना घेऊन हे मोजलंय, अब्ज वर्षांत साधारण एक नॅनोमीटर! जाडी कमी-जास्त होती ती काच फुंकून सपाट करतानाच. काही तुकडे वरच्या बाजूला जाड असतात, ते काय वर ओघळले?