पाच बोटांचा बूट आणि अनवाणी पळायचा सल्ला: त्या मेसेजमधलं एकेक वाक्य

दारव्हा-दिग्रसकडच्या पोलीस भरतीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. सोबत फोटो असतो, पायाच्या पाचही बोटांना वेगवेगळे कप्पे असलेल्या बुटाचा. मजकूर थोडक्यात असा: "गोऱ्यांनी शेवटी मान्य केलं! इटलीच्या कंपनीने अनवाणी पायासारखा बूट काढला. हार्वर्डने सिद्ध केलं की अनवाणी पळणाऱ्याला दुखापत होत नाही. अबेबे बिकिलाने अनवाणी पळून ऑलिम्पिक जिंकलं. आपले आजोबा कुठे बूट घालत होते? शेतकऱ्याच्या पोरांनो, बूट फेका, महिन्याभरात टायमिंग कमी होते."

मी गावातल्या पोरापोरींना पहाटे पळवतो. हा मेसेज वाचून माझ्याकडच्या तिघांनी एकाच दिवशी बूट काढले आणि डांबरी रस्त्यावर रोजचं सगळं अंतर तसंच चालू ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात त्यातला एक म्हणाला, "सर, पाय वरतून ठणकते." एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. दुखणं थांबेना म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी पुन्हा तपासलं, तेव्हा बोटांच्या मागच्या लांब हाडाला बारीक तडा निघाला. अशा तड्याचं हेच वाईट आहे, सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेत तो बहुतेकदा सापडत नाही आणि पोरगं पळतच राहतं. पुरुषांच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 20 गुण एकट्या 1600 मीटरचे. ही भरती त्याच्या हातून गेली.

आधी त्या बुटाबद्दल, कारण मेसेज सगळा त्याच्यावर उभा आहे. कंपनीचं नाव व्हिब्रम. विताले ब्रामानी नावाच्या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती 1935 साली आल्प्समध्ये दगावले. त्या काळच्या बुटांचे तळ बर्फाळ खडकाला पुरेसे नव्हते, हे त्याच्या मनाने घेतलं. त्याने खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि 1937 मध्ये कंपनी काढली. 1954 साली केटू शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्या इटालियन तुकडीच्या बुटांना हेच तळ होते. म्हणजे ही कंपनी जन्माला आली तीच पायाखाली जाड, मजबूत रबर देण्यासाठी.

पाच बोटांची कल्पना फार नंतरची. रॉबर्ट फ्लिरी या डिझाइनच्या विद्यार्थ्याने ती 1999 मध्ये मांडली आणि संस्थापकाचा नातू मार्को ब्रामानी याने ती उचलून धरली. 2005-06 च्या सुमारास 'फाइव्हफिंगर्स' बाजारात आला, तो कशासाठी? शिडाच्या होडीच्या ओल्या, निसरड्या फळीवर पाय घट्ट धरावा म्हणून. पळण्यासाठी तो बनवलाच नव्हता. अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख टोनी पोस्ट तो घालून पळू लागले, त्यांना तो मानवला आणि मग तिकडे पळण्याचा बूट म्हणून त्याची जाहिरात सुरू झाली. 'गोऱ्यांनी मान्य केलं' असं काही त्यात घडलेलं नाही. वेगळ्या कामाच्या वस्तूला नवं गिऱ्हाईक मिळालं, एवढंच. आणि तो काही उघडा पाय नव्हे, त्याच्याखाली पातळ का होईना, रबर आहेच. बाभळीचा काटा आणि तळवा यांच्यामध्ये तेवढं रबर किती कामाचं असतं हे पांदणीने जाणाऱ्याला सांगायला नको.

पुढची गोष्ट मेसेजमध्ये मुद्दाम गाळली आहे की लिहिणाऱ्याला माहीतच नव्हती, देव जाणे. या बुटाने पायाचे स्नायू मजबूत होतात, दुखापती कमी होतात, या जाहिरातीविरुद्ध 2012 मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला. दाव्याचं म्हणणं होतं की याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. 2014 मध्ये कंपनीने चूक कबूल न करता तडजोड केली, गिऱ्हाइकांच्या परताव्यासाठी 37 लाख 50 हजार डॉलर बाजूला ठेवले आणि भक्कम पुरावा नसताना असे दावे करणार नाही हे मान्य केलं. खुद्द कंपनीने जे म्हणणं थांबवलं, ते आपण आपल्या पोरांना सांगत सुटलो आहोत.

आता हार्वर्ड. अमेरिकेतल्या या विद्यापीठाचे डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2010 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. लहानपणापासून अनवाणी पळणारे बहुतेकदा टाच न आपटता पायाच्या पुढच्या भागावर उतरतात आणि त्यामुळे पाय टेकतानाचा पहिला झटका कमी बसतो, असं त्यात दिसलं. अभ्यास चांगलाच आहे, पण दुखापती कमी होतात की जास्त, हे त्यात मोजलेलं नाही. 'दुखापत होत नाही' हे शब्द मेसेजवाल्याचे आहेत. शिवाय झटका टाचेवरून हटला म्हणजे हवेत विरला असं नसतं. तो भार पोटरी, टाचेची शीर आणि बोटांमागच्या हाडांवर जातो. माझ्याकडच्या त्या पोराचं मोडलं ते नेमकं तिथलं हाड.

पुढे 2013 मध्ये सॅरा रिज यांच्या चमूने हे प्रत्यक्ष तपासलं. बूट घालून पळायची सवय असलेल्यांपैकी काहींना दहा आठवडे टप्प्याटप्प्याने फाइव्हफिंगर्सवर आणलं आणि आधी-नंतर पायाचा एमआरआय काढला. 19 पैकी 10 जणांच्या पायातल्या निदान एका हाडात आतली सूज वाढलेली निघाली. नेहमीच्या बुटात पळणाऱ्या गटापेक्षा हे प्रमाण बरंच जास्त होतं. ती माणसं हळूहळू गेली होती. आमची पोरं एका सकाळी गेली. त्याच वर्षीचा केनियातल्या दासानाच लोकांवरचा अभ्यासही इथे सांगायला हवा. ते आयुष्यभर अनवाणीच असतात, तरी त्यांच्यातले बहुतेक जण रमतगमत पळताना टाचेवरच उतरत होते. म्हणजे बूट काढला की पाय आपोआप बरोबर पडतो, हेही खरं नाही.

बिकिलाचा उल्लेख वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण अर्धीच गोष्ट सांगितली आहे. 1960 मध्ये रोमला इथिओपियाच्या या धावपटूने अनवाणी 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. तो सरावातही अनवाणी पळालेला होता आणि मिळालेले बूट त्याला नीट बसत नव्हते. चार वर्षांनी टोकियोला त्याने पुन्हा सुवर्ण जिंकलं, वेळ 2:12:12, आणि पायात बूट आणि मोजे होते. तेही अपेंडिक्सच्या ऑपरेशनला दीड महिनाही झालेला नसताना. बुटांमुळेच तीन मिनिटं वाचली असं मी म्हणणार नाही. पण त्याने स्वतः पुढे जाऊन बूट घातले, हे पोरांना कळायला हवं.

राहिले आजोबा. माझा आजा वावरात चामड्याच्या वहाणा घालूनच जायचा. तुरीचं धसकट तळव्यात घुसलं की काय होते हे त्याने सोसलेलं होतं. जे अनवाणी राहिले त्यातल्या बहुतेकांकडे पैसा नव्हता. त्यांच्या टाचांना भेगा पडायच्या, उघड्यावरच्या घाणीतून तळव्यावाटे अंकुशकृमी शरीरात शिरायचे आणि रक्त कमी व्हायचं. आणि ते चालत होते, तेही मातीवर. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो, तो डांबरावर घेणं ही वेगळीच गोष्ट.

मेसेजमध्ये एक धागा मात्र खरा आहे. आपल्या पोट्ट्यांचे पाय पुढून रुंद असतात आणि बाजारात मिळणारे स्वस्त बूट पुढून चिंचोळे. बोटं आवळली जातात, नखं काळी पडतात, मग बूटच नको वाटतो. अशा वेळी एक नंबर मोठा घ्या, घेताना संध्याकाळी घालून बघा, पुढे बोटं हलली पाहिजेत. अनवाणीची हौस असेल तर शाळेच्या मैदानावर, हराळी आहे त्या भागात, पळणं संपल्यावर पाच-सात मिनिटं चाला. पोटरी दुसऱ्या दिवशी कशी आहे ते बघा. भरतीला दोन-तीन महिने उरले असतील तर हा प्रयोग परीक्षा झाल्यावर करा.

ज्यांनी बूट खरोखरच फेकले किंवा कुणाला देऊन टाकले, त्यांनी मला येऊन भेटा. माझ्याकडे 8 आणि 9 नंबरचे दोन जोड आहेत, वापरलेले आहेत पण तळ शाबूत आहेत. आणि पाय वरतून ठणकत असेल, बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, तर उद्या पळायला येऊ नका, आधी डॉक्टरला दाखवा.